देशी इंधन आणि सरकारची करमाफी

आपल्यापैकीं ज्यांचें बालपण गॅसची शेगडी घरोघर येण्यापूर्वीं गेलें, त्यांना स्वयंपाकघराच्या फळीवरील एक बाटली निश्चित आठवेल. पितळी स्टोव्ह पेटवावयाचा तर प्रथम काकडा त्या बाटलींतल्या स्पिरिटांत बुडवावयाचा, पेटवून स्टोव्हच्या गळ्याला अडकवावयाचा, आणि ती निळसर ज्योत विझत आली कीं पंप मारावयाचा. तें स्पिरिट जांभळट निळें असे, त्याला उग्र दर्प येई, आणि मुलांना त्या बाटलीस हात लावण्याची सक्त मनाई असे. "विष आहे तें," असें आजी सांगे, आणि तें खरेंच होतें. परंतु तें विष त्यांत कोणीं घातलें आणि कां घातलें, हा प्रश्न त्या वयांत मला सुचला नाहीं. उत्तर पुष्कळ वर्षांनीं मिळालें. तें विष सरकारच्या हुकुमानें घातलेलें होतें आणि तो रंगहि सरकारी नियमाचाच. ऊस, मका, बटाटा अशा पदार्थांपासून निघणारा मद्यार्क पिण्याच्याहि कामीं येतो आणि जाळण्याच्याहि. पिणाऱ्यावर कर बसवावयाचा आणि जाळणाऱ्याला सोडावयाचें, तर दोघांची बाटली वेगळी ओळखूं आली पाहिजे. म्हणून जाळावयाच्या मद्यार्कांत तो कोणाला पिववणार नाहीं असें कांहींतरी मिसळावयाचें. आमच्या फळीवरील बाटलीचा रंग हा अशा रीतीनें एका करमाफीचा रंग होता.

श्रोतेहो, आज मला या करमाफीविषयींच बोलावयाचें आहे. परदेशांतून येणाऱ्या खनिज तेलाऐवजीं आपल्याच शेतांतून, कारखान्यांतून निघालेलें इंधन लोकांनीं वापरावें असें एखाद्या सरकारला वाटलें, तर त्याला तीन वाटा मोकळ्या असतात. सक्ती करावी, पैसा द्यावा, किंवा कर सोडावा. यांतील तिसरी वाट राज्यकर्त्यांना सर्वांत प्रिय असते, आणि त्याचें कारण उघड आहे. तिजोरींतून पैसा बाहेर निघाला तर त्याची नोंद होते, त्यावर वाद होतो, कोणीतरी पावती मागतो. जो पैसा तिजोरींत आलाच नाहीं त्याची चौकशी कोण करणार? पण तो खड्डा कोठेंतरी भरावा लागतोच, आणि तो भरणारे आपणच असतों. म्हणून अशा माफीचा हिशेब आपल्यासारख्या घरगुती माणसांनींहि मधूनमधून पाहिला पाहिजे. हा हिशेब अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वांत दीर्घकाळ लिहिला गेला आहे. म्हणून आधीं तेथील गोष्ट सांगतों आणि मग घरीं परततों.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन घरांतून जे दिवे जळत, त्यांपैकीं पुष्कळांत मद्यार्क आणि टर्पेंटाइन यांचें मिश्रण असे. देवमाशाच्या तेलापेक्षां तें स्वस्त होतें, प्रकाश स्वच्छ देई, मात्र भडका उडण्याची भीति नेहमीं असे. १८५९ सालीं पेनसिल्व्हेनियांत टायटसव्हिल येथें ड्रेकनें तेलाची विहीर खणली आणि रॉकेल बाजारांत येऊं लागलें. दोन इंधनांची खरी शर्यत आतां सुरू व्हावयाची, इतक्यांत यादवी युद्ध पेटलें. युद्धाला पैसा हवा होता. १८६२ च्या कायद्यानें मद्यार्कावर गॅलनमागें २० सेंट कर बसला आणि १८६५ उजाडेपर्यंत तो २ डॉलरवर गेला. कायद्याला अपेक्षित होता तो व्हिस्की पिणारा. पण दिव्यांत जळणारा मद्यार्क आणि पेल्यांत ओतला जाणारा मद्यार्क यांत कायद्यानें भेद केला नाहीं. रॉकेलवरहि त्या काळांत कर होता, पण तो गॅलनमागें १० ते २० सेंटांचा. शर्यत संपली. टर्पेंटाइन दक्षिणेकडील संस्थानांतून येत असे आणि तेंहि युद्धानें अडलें, शिवाय रॉकेल कमी धोक्याचें होतें, हें सांगितलें पाहिजे. सगळें पाप कराच्या माथीं मारणें बरोबर होणार नाहीं. तथापि दारूवरील कराचा फटका दिव्याला बसला, ही गोष्ट राहतेच.

ती चूक दुरुस्त व्हावयास ४४ वर्षें लागलीं. ७ जून १९०६ रोजीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं ज्या कायद्यावर सही केली, त्यानें पिण्यास अयोग्य केलेल्या मद्यार्कावरील कर माफ झाला आणि १ जानेवारी १९०७ पासून ती माफी अमलांत आली. शेतकऱ्यांना मोठी आशा वाटली. परंतु मध्यंतरीं, १९०१ सालीं, टेक्ससमध्यें स्पिंडलटॉप येथें तेलाचा प्रचंड फवारा उडाला होता, आणि तेल वाहून नेणाऱ्या नळांचें, टाक्यांचें, दुकानांचें जाळें अर्ध्या शतकांत विणलें गेलें होतें. कर उठला, पण गेलेलीं वर्षें परत आलीं नाहींत. माफीचें मूल्य तिच्या वेळेवर किती अवलंबून असतें, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाहीं.

पुढें दारूबंदी आली आणि गेली, स्वस्त पेट्रोलचें युग आलें. १९७३ सालीं अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें तेव्हां अमेरिकेला आपल्या मक्याची आठवण झाली. १९७८ सालच्या ऊर्जाकर कायद्यानें असें ठरविलें कीं ज्या पेट्रोलमध्यें दहावा हिस्सा मद्यार्क असेल, त्यावरील गॅलनमागें ४ सेंटांचा कर घ्यावयाचा नाहीं. ऐकावयास हें किती क्षुल्लक वाटतें! पण येथें जरा अंकगणित करूं. ४ सेंटांची माफी मिळाली ती संपूर्ण गॅलनला. त्यांत मद्यार्क होता केवळ एक दशांश गॅलन. म्हणजे एक गॅलन मद्यार्क मिसळणाऱ्याला प्रत्यक्षांत ४० सेंट मिळाले. चार सेंटांच्या पोटांत चाळीस सेंट लपलेले होते. १९८० च्या सुमारास त्या देशांत वर्षाला सुमारें साडेसतरा कोटी गॅलन इंधन-मद्यार्क तयार होई. २०११ सालीं तो आंकडा सुमारें १३ अब्ज ९० कोटी गॅलनांवर गेला होता. एवढें सारें केवळ माफीमुळें झालें असें नव्हे, पण माफी नसती तर पहिल्या भट्ट्या कोणी उभारल्या नसत्या, हें तिच्या विरोधकांनाहि मान्य करावें लागतें.

आतां 'देशी' या शब्दाकडे पाहूं. पेट्रोलांत मिसळलेला मद्यार्क अमेरिकन मक्याचा आहे कीं ब्राझिलच्या उसाचा, हें मोटारीला कळत नाहीं, आणि १९७८ च्या माफीलाहि कळत नव्हतें. ब्राझिलचा मद्यार्क स्वस्त होता. म्हणून १९८० सालीं परदेशी मद्यार्कावर वेगळी जकात बसविण्यांत आली, आणि पुढें कित्येक वर्षें ती गॅलनमागें ५४ सेंट होती. एका हातानें पंपावर माफी द्यावयाची आणि दुसऱ्या हातानें बंदरावर ती परत घ्यावयाची, अशी ही दुहेरी योजना होती. तिचें समर्थन करतां येतें. अमेरिकन करदात्याच्या पैशानें ब्राझिलचा कारखानदार कां पोसावा? पण मग ही माफी स्वच्छ हवेसाठीं होती, परदेशी तेलापासून मुक्तीसाठीं होती, कीं मक्याच्या भावासाठीं होती, हा प्रश्न शिल्लक राहतो. तिन्ही कारणें व्याख्यानांतून एकत्र सांगितलीं जात. हिशेबांत तिसरें कारण नेहमीं जड भरे.

हा हिशेब रस्त्यांनाहि लागला. मोटारीच्या पेट्रोलवरील कराचा पैसा त्या देशांत मुख्यतः राजमार्गांच्या निधींत जातो. मद्यार्क मिसळलेलें पेट्रोल जाळणारी मोटार रस्ता तितकाच झिजवी, पण रस्त्यासाठीं कमी देई. अखेर २००४ सालीं ही रीत बदलून माफीऐवजीं मद्यार्काच्या प्रत्येक गॅलनला ५१ सेंट सर्वसाधारण तिजोरींतून वळते करण्याची पद्धत सुरू झाली. रस्ते वांचले; भार दुसऱ्या खिशावर गेला.

करमाफी शब्दांनीं लिहिलेली असते, आणि पैसा उद्देशाला न मिळतां शब्दांना मिळतो. याची जी गोष्ट आतां सांगणार आहें, ती मला प्रथम विनोदच वाटली होती. कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांत लाकूड रसायनांत शिजवितात. लगदा काढून घेतल्यावर जें काळें, दाट द्रावण उरतें तें फेकून देत नाहींत. १९३० नंतरच्या काळापासून कारखाने तें आपल्याच भट्टींत जाळून वाफ आणि वीज करीत आले आहेत. त्यासाठीं त्यांना सरकारनें एक छदामहि देण्याचें कारण नव्हतें. २००५ सालीं अमेरिकेनें असा कायदा केला कीं खनिज तेलांत पर्यायी इंधन मिसळणाऱ्यास गॅलनमागें ५० सेंट मिळतील. हेतु मोटारींचा होता. २००७ सालीं शब्द थोडे सैल झाले आणि मोटारीबाहेरील वापरहि त्यांत आला. कोणाच्या तरी लक्षांत आलें कीं काळें द्रावण हें 'पर्यायी इंधन' आहे. उणीव एवढीच कीं तें मिश्रण नाहीं. मग कारखान्यांनीं त्यांत डिझेल ओतलें. किती? हजार भागांत एक भाग पुरे होता. झालें मिश्रण!

खनिज तेलाचा वापर कमी करण्यासाठीं केलेल्या कायद्यानें, जेथें डिझेलचा थेंबहि लागत नव्हता तेथें डिझेल ओतावयास लावलें. ज्या तरतुदीला वर्षाला दहा कोटी डॉलरहि लागणार नाहींत असें मानलें होतें, तिच्यापोटीं २००९ या एकाच वर्षीं तिजोरीला अब्जावधी डॉलर मोजावे लागले. यांत कोणी चोरी केली नाहीं. कायदा जें म्हणत होता तेंच त्यांनीं केलें. ३१ डिसेंबर २००९ रोजीं ही वाट बंद झाली.

बंदरांवरचा प्रकार याच जातीचा. वनस्पति-तेलापासून केलेल्या डिझेलला गॅलनमागें एक डॉलर मिळे, मात्र तें खनिज डिझेलमध्यें मिसळलेलें हवें. मग परदेशचें जहाज अमेरिकन बंदराला लागे, त्यांतील तेलांत चमचाभर अमेरिकन डिझेल पडे, डॉलर पदरांत पडे, आणि तेंच तेल युरोपला रवाना होई, जेथें दुसरी सवलत वाट पाहात असे. २००८ सालीं अमेरिकेनें ही पळवाट बुजविली आणि २००९ सालीं युरोपीय संघानें त्या मालावर जकात बसविली. याच डॉलरची दुसरी कथा अशी कीं ही सवलत वरचेवर संपे आणि कांहीं महिन्यांनीं, कधीं वर्षानें, मागील तारखेपासून पुन्हां लागू होई. सरलेल्या वर्षांत जें तेल तयार होऊन जळूनहि गेलें, तें तयार करावयास आज दिलेलें उत्तेजन कसें उपयोगी पडतें, हें कोडें मला उलगडलेलें नाहीं.

मक्याच्या मद्यार्काची सवलत मात्र खरोखरच संपली. २००५ आणि २००७ च्या कायद्यांनीं तेल-कंपन्यांवर मिश्रणाची सक्ती केलेली होती. सक्ती आहे तर बक्षीस कशाला, असा प्रश्न विचारला जाऊं लागला. कारण तोंवर सवलत ४५ सेंटांवर उतरली असली तरी तिचा वार्षिक खर्च सुमारें ६ अब्ज डॉलर झाला होता. ३१ डिसेंबर २०११ रोजीं ती सवलत आणि परदेशी मद्यार्कावरील जकात दोन्ही संपल्या. उद्योग बुडेल असें भाकित होतें. दुसऱ्या वर्षीं उत्पादन थोडें घटलें, त्यांतहि दुष्काळाचा हात मोठा होता. २०१४ सालीं तें पूर्वींच्या उच्चांकाच्याहि पुढें गेलें. माफीनें लावलेलें झाड माफीच्या टेकूशिवाय उभें राहिलें. पण शेजारीं सक्तीची भिंत होती, हें विसरूं नये.

हल्लींची तेथील योजना वेगळ्या धर्तीची आहे. २०२२ च्या कायद्यानें इंधनाचें नांव पाहून बक्षीस देण्याऐवजीं, तें तयार करतांना आणि जाळतांना हवेंत किती कर्ब जातो हें मोजून बक्षीस द्यावयाचें ठरलें. १ जानेवारी २०२५ पासून ही रीत चालू झाली, आणि तें इंधन अमेरिकेंतच तयार झालें पाहिजे अशी अट आहे. पण मोजमाप नीट होतांच आढळलें कीं सर्वांत 'स्वच्छ' कच्चा माल म्हणजे तळणीचें वापरलेलें तेल, आणि तें चीनमधून जहाजें भरभरून येत होतें! जुलै २०२५ मधील कायद्यानें ही योजना २०२९ च्या अखेरपर्यंत वाढविली आणि २०२६ पासून कच्चा माल अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांचाच हवा अशी मर्यादा घातली. 'देशी' शब्दाचें कुंपण पुन्हां एकदां हललें.

आतां घरीं येऊं. पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. त्यासाठीं १९४८ सालींच कायदा झालेला होता. तो पुढें निरुपयोगी ठरून २००० सालीं रद्द झाला, आणि लगेच २००१ सालीं नव्यानें प्रयोग सुरू झाले, हा योगायोग मौजेचा आहे. या प्रयोगांच्या तीन जागांपैकीं दोन महाराष्ट्रांत होत्या, मिरज आणि मनमाड. तिसरी उत्तर प्रदेशांत बरेली. २००३ सालीं नऊ राज्यांत पांच टक्के मिश्रण सुरू झालें. उसाचें पीक हटलें कीं मद्यार्क मिळेना, मिळाला तर दर पटेना, असें पुढील दहा वर्षें चाललें. २०१३-१४ मध्यें मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होतें. त्यानंतर गति आली. २०२२ सालीं दहा टक्क्यांची मजल गांठली गेली, आणि २०३० साठीं ठेवलेलें वीस टक्क्यांचें उद्दिष्ट २०२५ सालींच हातीं आलें. यांत कराचा वाटा कोणता?

दोन माफ्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारख्या आहेत. २०१५-१६ च्या हंगामांत साखर कारखान्यांनीं तेल-कंपन्यांना पुरविलेल्या मद्यार्कावरील केंद्रीय अबकारी कर माफ झाला. त्या वेळीं तेल-कंपन्या देत असलेला दर, लिटरला साडेअठ्ठेचाळीस ते साडेएकोणपन्नास रुपये, सर्व कर आणि वाहतूक धरून ठरलेला होता. दर तोच, आणि त्यांतून भरावयाचा कर गेला. म्हणजे वांचलेले लिटरमागें सुमारें ५ रुपये कारखान्याच्या हातीं राहिले. कारखाने उत्साहानें पुढें आले. हंगाम संपण्यापूर्वींच, १० ऑगस्ट २०१६ पासून, ती माफी काढून घेण्यांत आली.

दुसरी गोष्ट जुलै २०१८ ची. मद्यार्कावरील वस्तु व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. तेरा टक्क्यांची ही मोठी सूट कोणाला मिळाली? आतां दराची रचना बदललेली होती. कारखान्याला ठराविक दर मिळे आणि कर तेल-कंपनी वेगळा भरी. पेट्रोल वस्तु व सेवा कराच्या कक्षेंत नाहीं, त्यामुळें मद्यार्कावर भरलेला हा कर तेल-कंपनीला कोठें वळता करून घेतां येत नाहीं; तो तिचा खर्चच होतो. अर्थात् ही सूट तेल-कंपनीच्या खिशांत गेली आणि मिश्रण तिला परवडूं लागलें. माफी दोन्ही वेळां 'मद्यार्कावर'च होती. एकदां ती कारखान्याकडे वळली, एकदां कंपनीकडे, आणि तिला वळविणारें वाक्य कराच्या कायद्यांत नव्हतें, तें दराच्या आदेशांत होतें. वर्तमानपत्रांत आपण कराचा मथळा वाचतों आणि दराच्या आदेशाकडे पाहात नाहीं.

कारखान्यांना खरा हात दिला तो मात्र निराळ्या उपायांनीं. २०१८ पासून नव्या भट्ट्यांच्या कर्जावरील व्याजाचा मोठा भाग, सहा टक्के किंवा निम्मा दर यांपैकीं जो कमी तो, पांच वर्षें केंद्र सरकारनें उचलला. उसाच्या रसापासूनच्या मद्यार्काला लिटरला ६५ रुपये ६१ पैसे, मळीपासूनच्या मद्यार्काला त्याहून कमी, असे दर बांधून दिले. माझ्या मतें करमाफीपेक्षां ही रीत अधिक प्रामाणिक आहे, कारण निदान खर्च दिसतो.

पण पेट्रोलपंपावर उभा असलेला गृहस्थ विचारील, यांत मला काय मिळालें? प्रश्न रास्त आहे. एक लिटर मद्यार्कांत एक लिटर पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांशच उष्णता असते. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत असा अंदाज दिला आहे कीं दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकी गाड्यांना वीस टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के कमी अंतर पडेल. दुचाकीला ३ ते ४ टक्के. पाटीवरचा भाव लिटरचा असतो, किलोमीटरचा नसतो. म्हणजे परकीय चलन वांचतें तें देशाचें, मद्यार्काचा दर मिळतो तो कारखान्याला, उसाचें बिल वेळेवर मिळूं लागतें तें शेतकऱ्याला (आणि ही लहान गोष्ट नव्हे, थकलेल्या उसाच्या बिलांसाठीं रस्त्यावर बसलेले शेतकरी आपण सर्वांनीं पाहिले आहेत). ग्राहक मात्र आपला वाटा मुकाट्यानें भरतो. अमेरिकेंत निदान पहिल्या दिवसापासून माफी पंपावरच्या करांत होती.

आणि पाणी. त्याच अहवालांत एक साधा हिशेब आहे. एक टन उसापासून शंभर किलो साखर किंवा सत्तर लिटर मद्यार्क निघूं शकतो. किलोभर साखरेच्या उसाला १,६०० ते २,००० लिटर पाणी लागतें. म्हणजे एक लिटर मद्यार्कामागें सुमारें २,८६० लिटर. साखर काढून उरलेल्या मळीपासून मद्यार्क केला तर हें सारें पाणी त्याच्या नांवावर टाकणें अन्यायाचें होईल, कारण ऊस साखरेसाठीं लावलेलाच होता. पण रसापासून थेट मद्यार्क करावयाचा म्हणून सोलापूर-मराठवाड्यासारख्या कोरड्या भागांत ऊस वाढला, तर तें पाणी कोणाच्या नांवावर टाकावयाचें? कोणत्याहि करमाफीच्या वाक्यांत पाणी हा शब्द मला आढळला नाहीं. अमेरिकेनें कर्ब मोजावयास घेतला तो ४० वर्षांच्या अनुभवानंतर. आपल्याला तितकें थांबावयाची गरज नाहीं.

उसाऐवजीं मका, असा एक पर्याय निघाला आणि मक्यापासूनच्या मद्यार्काला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे, म्हणजे रसाहूनहि अधिक, दर मिळाला. परिणामीं मक्याला इतकी मागणी आली कीं आजवर मका निर्यात करणारा आपला देश २०२४ सालीं आयात करूं लागला. कोंबड्यांचें खाद्य महागलें. परदेशी तेल कमी करण्यासाठीं देशी इंधन, आणि देशी इंधनामुळें पडलेली तूट भरावयास परदेशी धान्य! अमेरिकेंतील तळणीच्या तेलाची आठवण येथें होते.

ज्यानें या धोरणावर विसंबून भट्टी उभारली, त्याच्या बाजूनेंहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. ७ डिसेंबर २०२३ रोजीं, ऊस कमी येणार असें दिसतांच, सरकारनें त्या वर्षीं उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यास एकाएकीं मनाई केली. आठवडाभरांत ती सैल करून सतरा लाख टन साखरेइतका रस व मळी वापरण्याची मोकळीक दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें पुढील वर्षासाठीं बंधन उठविलें. साखरेचा भाव चढूं नये ही चिंता खोटी नव्हती. परंतु महाराष्ट्रांतील सहकारी कारखान्यांनीं रसावर चालणाऱ्या भट्ट्यांसाठीं कर्ज काढलें होतें, हंगाम सुरू होऊन गाळप चालू होतें, आणि व्याज थांबत नसतें. व्याजांत सवलत पांच वर्षांची दिली, तर कच्च्या मालाची हमी पांच आठवड्यांची असूं नये, एवढें तरी सभासद शेतकऱ्यानें म्हणावयास हरकत नाहीं.

शेवटीं पुन्हां फळीवरच्या बाटलीकडे. आपल्या राज्यघटनेनें पिण्याच्या मद्यावरील अबकारी राज्यांकडे आणि बाकीच्या मालावरील केंद्राकडे दिली. मग उद्योगांत लागणारा मद्यार्क कोणाचा? १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनीं सांगितलें कीं तो पिण्याजोगा नाहीं, सबब राज्यांचा त्यावर अधिकार नाहीं. २३ ऑक्टोबर २०२४ रोजीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें आठ विरुद्ध एक मतानें तो निर्णय फिरविला. घटनेंतील 'मादक मद्य' या शब्दांत औद्योगिक मद्यार्कहि येतो आणि त्याचें नियमन करण्याचा अधिकार राज्यांना आहे असें ठरलें. १८६२ सालीं अमेरिकेंत ज्या दोन बाटल्या कायद्याला वेगळ्या ओळखतां आल्या नव्हत्या, त्याच दोन बाटल्या दिल्लीच्या न्यायालयांत पुन्हां शेजारीं शेजारीं ठेवण्यांत आल्या. एकमेव विरोधी मत न्यायमूर्ति नागरत्ना यांचें होतें. त्यांना या दोन बाटल्या वेगळ्या वाटत होत्या. आतां राज्यें या अधिकाराचा उपयोग करून मद्यार्कावर कोणतें शुल्क बसवितील, त्याचा भार दराच्या आदेशांतील कोणत्या वाक्यानें कारखान्याकडे, कंपनीकडे कीं पंपावरील ग्राहकाकडे वळेल, हें येत्या हंगामांच्या आदेशांतून वाचावयाचें आहे.